झोपेच्या कडेकडेने

"तू कुणाचं ऐकतेयस?" असं आवाज शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं तेव्हा ती डोळे मिटून जमिनीवर उताणी पडली होती आणि बाईंचा पंजा तिच्या शेवटच्या बरगडीवर होता. आजूबाजूला कंपनीतले बाकीचे नट तसेच चटयांवर पसरलेले. कुणी श्वास सोडताना 'स्स्स' करत होता, कुणी 'हं' लांबवत होता, आणि पलीकडच्या चटईवर आजोबा राजरोस घोरत होते. "कुणाचंच नाही," ती म्हणाली. "खोटं," बाई म्हणाल्या, "श्वास आत घेतेस आणि मध्येच थबकतेस. परक्याच्या दाराशी उभं राहिल्यासारखी. माणूस असा थबकला ना, की तो कुणाचा तरी कानोसा घेत असतो." पंजा उचलून त्या पुढे गेल्या, आजोबांच्या तळव्याला पायानेच ढोसलं, "अहो, घरी बायको गादी घालत नाही का?" आणि सगळे पडल्या जागी हसले. तीही हसली. पण हसता हसता ती थांबली, कारण बाई म्हणाल्या ते खरं होतं आणि इतके दिवस ते तिला स्वतःला माहीत नव्हतं. खिडकीबाहेर रस्ता होता, रस्त्यावर हातगाड्या, हॉर्न, कुणाचं तरी भांडण. त्या सगळ्याच्या पलीकडे, अर्ध्या शहराएवढ्या अंतरावर, सासूबाईंच्या खोलीत मुंगी झोपली असणार. ती इथे चटईवर पडून मुंगीचा श्वास ऐकत होती. ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि म्हणूनच तिला स्वतःचा श्वास पुरा घेता येत नव्हता.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. आता रांगणारी, टेबलाला धरून उभी राहणारी, हातात येईल ते आधी आपटून आणि मग चावून पाहणारी, चांगली खणखणीत. पण जन्मली ती घाई करून, दिवस भरायच्या कितीतरी आधी, आणि सुरुवातीचे काही आठवडे काचेच्या पेटीत होती. तिथल्या डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. हवापाण्याबद्दल बोलावं तशा सांगायच्या, "अशी बाळं कधीकधी श्वास घ्यायला विसरतात. जरासंच. तळव्याला टिचकी मारायची, की आठवतं त्यांना." विसरतात! माणूस छत्री विसरतो, किल्ली विसरतो, फार तर लग्नाचा वाढदिवस विसरतो. श्वास विसरणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते नेमकं तिचंच निघालं. पेटीशी बसून ती कानात प्राण आणून ऐकायची. मुंगीचा श्वास अडला की तिचाही अडायचा. मग टिचकी, मग तळव्याची आक्रसलेली इवलीशी घडी, मग दोघींचा एकदमच सुटायचा. पुढे पेटी गेली, मुंगी घरी आली, अंगाने भरली, गालांना वळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही विसरत नाही ही, तुम्हीच विसरा. मुंगी खरोखरच पुन्हा कधी विसरली नाही. पण आई जे शिकून बसली होती ते काही तिच्या अंगातून जाईना. आपला श्वास वाजला तर तिचा ऐकू येणार नाही, म्हणून अर्धाच घ्यायचा. आपण बोललो तर तेवढा वेळ ऐकायचं राहून जाईल, म्हणून थोडंच बोलायचं, तेही थांबत थांबत, मधल्या फटींतून कान बाहेर काढत.

आणि ती पडली नटी. दुसरी एखादी आई नुसती हळू बोलली असती, चवड्यांवर चालली असती. हिने आपली सगळी विद्याच त्या कामाला जुंपली. चोराची चाल शिकवताना बाईंनीच कधीकाळी सांगितलं होतं, पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचं, मग अंगाचं वजन त्यात हळूहळू ओतायचं, म्हणजे लाकूड बोलत नाही. ती घरात तशी चालायला लागली. मुंगीच्या झोपेच्या कडेकडेने, एखाद्या तळ्याच्या काठाने जावं तशी. दाराची मूठ दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. शब्द ओठांच्या टोकावरच ठेवायची, छातीत उतरू द्यायची नाही. तिचा नवरा एका दंतवैद्याच्या कारखान्यात कवळ्या बनवायचा. दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसून आलेला माणूस, त्याला आधी काहीच कळायचं नाही. "काय?" असं तो ओरडायचा आणि हिचा जीव खालीवर व्हायचा. मग बिचारा ओठ वाचायला शिकला. लोकांचे जबडेच पाहण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्याला ते जमलंही झकास. "आपण दोघं मिळून मूकपट काढू," तो एकदा नुसत्या ओठांनी म्हणाला आणि दोघंही उशीत तोंड खुपसून हसली. सासूबाईंना मात्र हे सोंग अजिबात पसंत नव्हतं. "घर आहे की वाचनालय?" त्या म्हणायच्या आणि हातातलं झाकण मुद्दाम जरा जोरातच ठेवायच्या. "आमच्या भिंतीला लागून लोहार होता. त्या ठणठणाटात माझी चार पोरं झोपली, वाढली. एकाला तरी कमी ऐकू येतं का? तुझ्या नवऱ्याला येतं म्हणा, पण तो आळस." हे सगळं तिला कळत होतं. सासूबाईंचं बरोबर आहे हेही कळत होतं. पण कळणं एका खोलीत राहतं आणि पाय दुसऱ्याच खोलीतून चालत येतात, त्याला कोण काय करणार?

रजा संपवून ती कामावर परतली आणि पहिलाच प्रयोग झाला तेव्हा हे पाय तिच्याबरोबर स्टेजवर आले. नाटक त्या कंपनीचं सगळ्यात जास्त चाललेलं. त्यातली थोरली बहीण म्हणजे तिचीच भूमिका. लेखकाने तिला समोर ठेवून लिहिलेली, पोट दिसायला लागेपर्यंत तिने केलेली, आणि मुंगी काचेच्या पेटीत असताना जी तिला अधूनमधून आठवायची आणि आठवल्याची लाज वाटायची, ती. पडदा पडल्यावर दिग्दर्शक विंगेत आले, चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "एक विचारू? तू स्टेजवर आलीस कधी?" तिला वाटलं थट्टा आहे. "खरंच विचारतोय. आम्ही सगळे दाराकडे डोळे लावून बसलोय आणि बघतो तर तू खुर्चीत." आजोबा रंग पुसत होते. विशीपासून म्हाताऱ्यांचीच कामं करत आलेला हा चाळिशीचा माणूस, त्यालाच सगळे आजोबा म्हणत. नाटकात तो तिचा बाप. तो म्हणाला, "आणि पोरी, तू डुलत होतीस. मी तुला घराबाहेर काढतोय, जीव तोडून ओरडतोय, आणि तू अशी या पायावरून त्या पायावर, या पायावरून त्या पायावर. मला वाटलं आपण होडीत आहोत." ती खळखळून हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं. कडेवर कुणी नसताना ती बाळाला झोपवावं तशी डुलत होती. दिग्दर्शक म्हणाले, "मध्यंतरात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ विचारत होते, थोरली मुकी दाखवलीय का?" मग ते तिच्या शेजारी बसले. माणूस प्रेमळ होता, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं. "गळ्याशी माइक लावता येईल, पण मग तू बोलणार इथे आणि आवाज येणार भिंतीतून. मला ते नाही चालत. बाईंच्या सकाळच्या वर्गाला बस. पुढच्या शुक्रवारी थिएटर रिकामं आहे, मी बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसतो. तिथवर ऐकू आलीस तर थोरली तुझी. नाही आलीस तर तुझ्या जागी जी करत होती तीच करेल. राग मानू नकोस." राग मानायला राग यावा लागतो. तिला फक्त एवढंच दिसत होतं की थोरली, तिची थोरली, तिच्याच घरासारख्या एका बंद दाराआड उभी आहे आणि आत कुणी जागं होऊ नये म्हणून दारही वाजवत नाही.

म्हणून हा सकाळचा वर्ग. बाईंना पाठीमागे सगळे कंबरबाई म्हणत, कारण कशाचंही उत्तर त्या कंबरेतून देत. घसा बसला? कंबर सैल सोड. वाक्य पडतंय? कंबरेतून उचल. एका नटाचं लग्न मोडलं तेव्हाही बाई त्याला काहीतरी कंबरेचंच म्हणाल्या आणि त्याला म्हणे बरं वाटलं. वयाने आता सुकलेल्या, हाडांच्या, पण जिना चढताना पुढच्याला धाप लागायची आणि बाई मागून बोलत असायच्या. त्या आठवड्यात तिने काय काय केलं नाही. ओठ फडफडवले, जीभ बाहेर काढून पाठांतर म्हटलं, जोडीदाराच्या पाठीला पाठ लावून त्याच्या हाडांतून आपला 'म' वाजतोय का ते पाहिलं, अंग ओल्या कपड्यासारखं दांडीवर टाकल्यागत लोंबकळवलं. सगळं तिला इतरांहून चांगलं यायचं. फक्त आवाज फुगायला लागला, छातीतून वर उठून दाराबाहेर पडायच्या बेतात आला, की आतून कुणीतरी धावत यायचं आणि तोंडावर हात ठेवायचं. शू. बाई ते बघत. एकदा म्हणाल्या, "मोठ्यानं बोललीस तर काय होईल?" "काही नाही." "मग बोल." "बाळ..." "बाळ इथे आहे?" "नाही." "मग?" बसमधून घरी जाताना त्या 'मग'चं उत्तर शोधता शोधता तिला आई आठवली. तिची आई एका मोठ्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या घशात काही शिल्लक नसायचं. गरम पाण्याचा पेला धरून ती खुर्चीत बसायची, आणि जे काय सांगायचं ते भुवयांनी, नाहीतर घोगऱ्या कुजबुजीने. आईचा आवाज म्हणजे ती कुजबूज, असंच तिला लहानपणी वाटायचं. मग एकदा किल्ली आणायला ती आईच्या शाळेत गेली. लांब व्हरांडा, ओळीने बंद दारं, आणि त्यातल्या एका दारामागून एक बाई बोलत होती. काय आवाज! भरलेला, वळणारा, मध्येच हसणारा. अख्खा वर्ग त्या आवाजावर पाण्यावरच्या पानांसारखा हलत असणार हे बाहेरूनही कळत होतं. ही कोण बाई, असं म्हणत ती खिडकीशी चवड्यांवर उभी राहिली आणि पाहिलं तर आई. किल्ली न घेताच ती परत आली होती. नंतर कित्येक दिवस आईशी नीट बोलली नव्हती, आणि आईला बिचारीला कधी कळलं नाही की पोरीचं काय बिनसलंय. हा आवाज आमच्या घरी का येत नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. बसच्या खिडकीत डोकं टेकून ती आता मनाशीच म्हणाली, म्हणजे मुंगीसाठी आपण हे ठरवून टाकलं होतं तर. आवाज परक्यांना द्यायचा नाही. पण मग मुंगीला तरी कुठे दिला? मुंगीला मिळाली ती तीच जुनी कुजबूज. फरक इतकाच, की आईची दमून आलेली होती आणि आपली घाबरून.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंची कंबर धरली. खरोखरचीच. अंथरुणातून त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या बाईंना सांग, इथेही एक कंबर आहे, जरा बघून जा." नवऱ्याला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा मुंगीला बाबागाडीत घालून ती थिएटरवर गेली. वाटेत मुंगी झोपली. रिकाम्या थिएटरात दिवसाउजेडी शिरलं की झोपलेल्या मोठ्या जनावराच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. उलटलेल्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, स्टेजवर एकच पिवळा दिवा, आणि पार वर, अंधारात, दिग्दर्शकांच्या चष्म्याची एक चमक. तिने बाबागाडी रंगपटात नेली, दार लावून घेणार तेवढ्यात बाई मागून आल्या. "दार लावू नकोस." "उठेल ती." "दार लावलंस की तुझा एक कान या दाराला चिकटून राहणार. मग स्टेजवर एकाच कानाची थोरली जाईल. आण इकडे." आणि बाईंनी स्वतःच गाडी ढकलत विंगेत आणली, तिला दिसेल अशी उभी केली. मुंगीचं तोंड उघडं होतं, मुठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कुणीतरी 'हात वर' म्हटल्यासारख्या.

दुसऱ्या अंकातला प्रसंग. धाकटा भाऊ घर सोडून निघालाय, फाटकापर्यंत पोचलाय, आणि थोरली उंबऱ्यातून त्याला हाक मारते. एकच हाक. मग तो थबकतो आणि तिचं ते लांबलचक बोलणं, ज्यात ती त्याला जाऊ नको असं एकदाही म्हणत नाही. फाटकापाशी भाऊ म्हणून आज आजोबाच उभे होते, पोट आत ओढून. ती दारातून आली. हाक मारली. थोड्या वेळाने अंधारातून दिग्दर्शक म्हणाले, "हं, सुरुवात करा." "केली," ती म्हणाली. "केव्हा?" आजोबांना हसू आवरेना. तिला मात्र आता खरोखरच रडू यायला लागलं होतं, आणि ते रडूही दबक्या पावलांनीच येत होतं. बाई विंगेतून बाहेर आल्या. "आजोबा, इकडे या. हिच्या तळव्यांना तळवे लावा. आता तुम्ही हिला दारातून मागे ढकलायचं. मनापासून. आणि तू याला फाटकाबाहेर ढकलायचं. बोलायचं काही नाही. जिंक फक्त." आजोबा म्हणजे भिंत. त्यांनी जोर लावला तशी ती सरकली, मागे सरकली, टाच फळीत रोवली, गुडघे वाकले, दुसरी टाच रोवली. "लाजू नकोस गं," आजोबा दात चावत म्हणाले, "घरी बायको याहून जोरात ढकलते." ती चिडली. खरीच चिडली, आजोबांवर, बाईंवर, वरच्या त्या चमकणाऱ्या चष्म्यावर, त्या हसऱ्या डॉक्टरीणबाईंवर, सगळ्यांवर. मांड्या थरथरायला लागल्या, पाठीतून घाम ओघळला, आणि श्वास आपणहून, कुणालाही न विचारता, थेट खाली गेला, पार तिथवर, जिथे एकेकाळी मुंगी होती. बाई ओरडल्या, "आता!"

"धाकट्या!"

तो आवाज तिच्या तोंडातून निघाला आणि तिच्या आधी समोरच्या अंधारात पोचला. आजोबांचे हात गळून पडले. ते मागे मागे गेले, फाटकापाशी उभे राहिले, आणि या क्षणापासून ते आजोबा राहिले नाहीत, तो तिचा भाऊ होता, पाठमोरा, मान पाडलेला. ती बोलायला लागली. वाक्यामागून वाक्य येत गेलं. ती कुठे उभी आहे, पाय कसा टेकवतेय, यातलं काही तिच्याकडे उरलं नाही. भाऊ लहान असताना त्याला ताप आला होता, ते सांगताना तिचा आवाज खाली गेला, अगदी खाली, तरी तो पडला नाही, जमिनीवरून चालत गेला. ती हसली, कारण त्या जागी थोरली हसते. आणि शेवटचं वाक्य झालं तेव्हा थिएटर भरल्यासारखं गप्प झालं होतं.

मग तिने विंगेकडे पाहिलं. बाबागाडी रिकामी होती.

ती धावली, आणि तिला दिसलं. बाईंच्या कडेवर मुंगी. डोळे ओले, नाक लाल, गालावर ओघळ सुकत आलेला, आणि तोंडात बाईंच्या चष्म्याची दोरी. "केव्हा उठली?" "हाकेलाच. दचकली." "रडली?" "रडली म्हणजे? चांगलं भोकाड पसरलं. घेतली, थोपटली, दोरी दिली. तुझं अर्धं बोलणं होईतो गप्प झाली." ती बघतच राहिली. इतक्या जवळ. चार पावलांवर. अर्ध्या शहरापलीकडचा श्वास ऐकणारी ती, आणि चार पावलांवर पोर भोकाड पसरून रडली ते तिला ऐकू आलं नाही. तिने मुंगीला ओढूनच घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं. मुंगी दोरीसाठी हात लांबवत होती. "मला नाही ऐकू आलं," ती म्हणाली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. "ऐकू आलं नाही मला." बाईंनी चष्मा पदराला पुसला, दोरीचं ओलं टोक पिळलं, आणि मुंगीकडे पाहून, मोठी खोडकर आहेस, अशी मान हलवली.

"वर आलं का?" शेवटी तिने अंधाराला विचारलं. आवाज फुटका निघाला, पण मोठा निघाला.

"सगळं आलं," दिग्दर्शक म्हणाले. "पोरीचं रडणंही आलं. पण ते तुझ्या आवाजाखाली होतं." खुर्चीची बैठक आपटल्याचा आवाज झाला, ते उठून कठड्याशी आले. "थोरली तुझी. फक्त हाकेनंतर घाई करतेस. तो थबकलाय हे तुला दिसू दे आधी. परत एकदा घेऊ?"

तिने मुंगीकडे पाहिलं. मुंगी तिच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आत एवढं मोठं कोण आहे ते बघावं तसं. तिला शरम वाटत होती, आणि शरमेच्या तळाशी असं काहीतरी हलकं होतं की ते सासूबाईंना सांगायचं की नाही हे तिला ठरवता येईना. "मान सांभाळा हं," ती म्हणाली आणि मुंगीला पुन्हा बाईंकडे दिली. "वर्षाची होत आली ती," बाई म्हणाल्या, "मान तिची तीच सांभाळते. जा."

ती दारामागे गेली. श्वास घेतला. हाक मारली. विंगेतून लगेच मुंगीने सूर लावला, उंच, संतापलेला, भरल्या छातीचा. या खेपेला तो तिला ऐकू आला, स्पष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फाटकाशी भाऊ थबकला. तो थबकलाय हे तिने पाहिलं. मग ती बोलायला लागली आणि बोलत राहिली.